पाण्याखालची भाषा

आम्हा अनगोळकरांचा समुद्र म्हणजे आंबोली घाट उतरून मालवण. गेल्या डिसेंबरात, पन्नाशी उलटल्यावर, तिथे मी स्कुबा डायव्हिंग केले. समोर १६६४ साली शिवरायांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग. होडीत धारवाडचे एक कन्नड गृहस्थ होते. प्रशिक्षकाच्या मालवणी सूचना मी त्यांना कन्नडमध्ये सांगत होतो: श्वास रोखू नका, वर येताना छातीतली हवा फुगते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून नाक दाबून कान मोकळे करा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ‘ठीक’.

पाण्याखाली गेलो आणि मराठी, कन्नड दोन्ही वरच राहिल्या. एकाएकी कानात कळ आली. जीव घाबरला. मी कानाकडे बोट केले. त्या गृहस्थांनी लगेच आपले नाक चिमटीत धरून दाखवले. कान सुटले. त्यांनी वर्तुळ केले, मीही केले. मग प्रवाळाभोवतीचे रंगीत मासे दोघांनी निवांत पाहिले.

मराठीचा माझा आग्रह तसूभरही कमी झालेला नाही. पण मी कन्नडमधून दिलेले शब्द त्या दिवशी माझ्याच कामी आले. शेजाऱ्याची भाषा येणे हीदेखील सीमाभागातल्या माणसाची कमाईच आहे, असे आता वर्गात मुलांना सांगतो.