डबा घे, कीबोर्ड नको

आमच्या पुण्यातल्या ग्रुपात जुने कॉम्प्युटर विकत नाहीत, बदलतात. डीडीआर-२ रॅम द्या, चालू एसएमपीएस घ्या. डिस्प्ले आला नाही, की आधी रॅमची सोनेरी कड खोडरबराने घासायची. निम्मी दुखणी तिथेच संपतात. तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला.

एक काका बंद पडलेलं एक्सपीवालं मशीन घेऊन आले. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. त्यांना फक्त काकूंच्या पाककृती हव्या होत्या, डबा मला. हार्डडिस्क लॅपटॉपला जोडली, तर फायलींत इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट! तो त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये सापडला. टाकला, आणि पहिली ओळ उमटली : अळूचं फदफदं.

काका बराच वेळ वाचत बसले. मग त्यांनी कीबोर्ड पिशवीत घातला.

“बाकीचं घे.”