शेवटच्या नंबराची गोष्ट

तुमच्या वर्गात शेवटचा नंबर आला तर काय होतं? घरी थोडं रागावतात, आणि जूनमध्ये सगळ्यांबरोबर तुम्हीही पुढच्या वर्गात जाता. फुटबॉलच्या लीगमध्ये मात्र शेवटच्याला खालच्या वर्गात पाठवतात! ही गोष्ट मी गेल्या हिवाळ्यात आमच्या सहलीत सांगितली आणि फसले.

आमची शाळा मुळशी धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. पहिली ते चौथी, पट एकोणीस. एका जीपमध्ये मावेनात म्हणून दोन केल्या. माले, पौड, घोटावडे फाटा, पिरंगुट, भूगाव असं करत चांदणी चौकातून बायपासला लागलो आणि म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात पोचलो. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी हे उभं राहिलं. म्हाळुंगे हे मूळचं आपल्या मुळशी तालुक्यातलंच गाव, आणि संकुलाच्या जवळून वाहते ती मुळा नदीसुद्धा आपल्याच धरणातून खाली आलेली. मुलांना हे फार आवडलं. "म्हंजे स्टेडियम आपलंच की, बाई!"

वॉचमनकाकांनी गॅलरीत बसू दिलं. समोर हिरवंगार मैदान, माणूस एक नाही. मी २०१५ साली इथेच, माझ्या फुटबॉलवेड्या भावाबरोबर, भारत एफसीची एक मॅच पाहिली होती. समोर कोण होतं ते आज आठवत नाही. भावाचा बसलेला घसा तेवढा आठवतो.

भारत एफसी हा पुण्याचा, कल्याणी उद्योगसमूहाचा नवा कोरा संघ. त्या मोसमात आय-लीगमध्ये ११ संघ होते. प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. म्हणजे २० सामने. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. आमच्या जत्रेतल्या कुस्तीसारखं नाही, की पाठ टेकली आणि संपलं. इथे जानेवारी ते मेपर्यंत हरत-जिंकत राहायचं आणि शेवटी बेरीज. बेरीज झाली तेव्हा मोहन बागान पहिलं आलं आणि आपला भारत एफसी अकरावा. तळाला.

"मग त्यांना खाली ढकललं?" चौथीतल्या एकाने विचारलं.

नाही! लीगमध्ये थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघाला तेव्हा सुरुवातीला अभय असे. तो शेवटचा आला तरी खाली जात नसे. म्हणून गेला कोण, तर दहावा आलेला गोव्याचा डेंपो. पाच वेळा देशाचा विजेता झालेला डेंपो!

एवढं ऐकून गॅलरीत गलका झाला. "हे चीटिंग आहे, बाई." "शेवटचा सोडून त्याच्या आधीच्याला शिक्षा?" मी म्हटलं, नियम आधीच ठरलेला होता, सगळ्यांना माहीत होता. पण खरं सांगायचं तर मलाही ते पटवून देता येईना.

आणि गंमत म्हणजे पुढच्या वर्षी तस्संच घडलं. २०१५-१६ मध्ये ९ संघ. शेवटचा आला पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स. त्याचंही घरचं मैदान हेच. तोही नवा, म्हणून वाचला. आठवा आलेला मिझोरामचा आयझॉल एफसी खाली गेला. पण त्याच सुमारास डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या संघांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत बोलावलं. त्यांनी प्रशिक्षक आणला खालिद जमील. त्यांना मुंबई एफसीने नुकतंच सोडलं होतं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये बरोबरी साधून आयझॉल देशाचा विजेता झाला! ईशान्य भारतातला पहिलाच. आणि त्या वर्षी तळाला जाऊन खाली गेला कोण? मुंबई एफसी.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "आणि आपले पुण्याचे दोन?"

भारत एफसी पहिल्याच मोसमानंतर २०१५ मध्ये बंद झाला. शिवाजीयन्स २०१७ मध्ये. पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी हेही इथेच खेळायचे, तेही राहिले नाहीत. संघ चालवायला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि हा पैसा कुठवर घालायचा हे मालक ठरवतो. खाली गेलेला डेंपो मात्र पुन्हा खेळत खेळत २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परत आला.

ती मुलगी म्हणाली, "आपली शाळा पण बंद होणार, म्हणतात ना?" वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबद्दल गावात बोलणं चालतं, ते तिने ऐकलं असणार. मी म्हटलं, "अजून एकोणीस आहात. डबे काढा."

सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेमागच्या भातखाचरात खेळ रंगला. दप्तरांचे गोलपोस्ट. एक बाजू आयझॉल, हे लगेच ठरलं. दुसरीला भारत एफसी म्हणायला कोणी तयार होईना. मग तीच तिसरीतली मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "आम्ही होतो. पण आमच्या संघात मालक नाय."

खेळ सुरू झाला. घंटा मी पाच मिनिटं उशिरा दिली.