पत्र्याच्या कारखान्यातला सूर

हेवी मेटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळे कपडे, मोकळे सोडलेले केस आणि कानठळ्या बसवणारा गदारोळ येतो. माझ्या डोळ्यांपुढे उजव्या हाताची दोन बोटं येतात, मधलं बोट आणि अनामिका. दोन्हींची टोकं तुटलेली, आणि त्यांवर टोपणं चढवलेली. ही बोटं टोनी आयोमीची. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा हा गिटारवादक. हेवी मेटल नावाचं घराणं काढलं कुणी, असं मला विचारलं तर मी या दोन बोटांकडे बोट दाखवीन.

सन 1965. आयोमी सतरा वर्षांचा होता आणि पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करत होता. एका बँडबरोबर परदेश दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडलेली. कामाचा तो शेवटचा दिवस. दुपारी तो घरी जेवायला आला तो परत न जाण्याच्या बेतानं. पण हातात घेतलेलं काम पुरं करून ये, असं म्हणून आईनं त्याला माघारी धाडलं. त्या दिवशी प्रेसवरचा कामगार आला नव्हता, म्हणून ज्याची सवय नाही अशा यंत्रावर याला उभं केलं. यंत्र बोटांवर आलं, त्यानं झटक्यात हात मागे ओढला आणि दोन बोटांची टोकं तिथंच राहिली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा त्याचा हात नेमका उजवा. वाजवणं आता विसर, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

त्याच कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला एक तबकडी आणून ऐकवली. ती होती जँगो राइनहार्टची. 1928 साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरीही युरोपच्या जॅझमध्ये त्याच्यासारखा गिटारवादक दुसरा नव्हता. मुलाला एवढा पुरावा पुरला.

मग तो घरात कारागिरीला बसला. भांडी घासायच्या साबणाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, वितळवून तिचा गोळा केला. त्याला तापत्या सोल्डरिंगच्या टोकानं भोक पाडलं, बोटावर बसेपर्यंत कोरलं, पॉलिशपेपरनं घासून आकार दिला. टोपण झालं, पण तारेवरून सटकायला लागलं. तेव्हा जुन्या जाकिटाच्या चामड्याचा तुकडा कापून त्यावर चिकटवला. चामडं जाड असलं तर तार कळत नाही, पातळ असलं तर टिकत नाही. हा मेळ हातानंच बसवावा लागतो. पुढे जगभर नाव झालं, पैसा आला, पण वाजवायला बसण्याआधी बोटांची ही तयारी सुटली नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला दर भजनापूर्वी कणीक मळून लावावी लागते, तसंच हे.

टोपणाला स्पर्शज्ञान नसतं. तार किती दाबली गेली हे आयोमीला बोट सांगत नाही, कान सांगतात. जाड तारा दाबताना बोटं दुखत, म्हणून त्यानं बॅंजोच्या बारीक तारा गिटारला चढवून पाहिल्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा पुढे तारा उतरवल्या. 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधली बरीचशी गाणी तीन अर्धस्वर खाली लावलेल्या गिटारवर आहेत. तारा सैल झाल्या, बोटांना आराम पडला आणि आवाज असा खोल, जडशीळ झाला की जगातल्या असंख्य मेटल बँडनी नंतर तोच धडा गिरवला. लोक या संगीतात संताप ऐकतात. मला त्यात दुखऱ्या बोटांना सांभाळून घेणारी समजूत ऐकू येते.

त्यांचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी आला. त्यातलं पहिलं गाणं बँडच्याच नावाचं. पाऊस, घंटा, आणि मग गिटारचे तीन सूर : षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. पश्चिमेकडे षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या या अंतराशी सैतानाचं नाव जोडलेलं आहे, आणि या गाण्यात ते भीतीसाठीच वापरलंय. पण मी यमन, मारवा ऐकत वाढलेला माणूस. माझ्या कानाला तीव्र मध्यम म्हणजे दिवस कलल्याची वर्दी. म्हणून ते तीन सूर पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला सैतान दिसला नाही. कारखान्यांच्या शहरावर उतरलेली संध्याकाळ दिसली. आजही तो तिसरा सूर थरथरत राहतो तेव्हा अंगावर काटा येतो.

मंचावर आयोमीला पाहायला हवं होतं. गायक ऑझी ऑस्बर्न धावायचा, पाणी उडवायचा, लोकांना हात वर करायला लावायचा. आणि हा एका बाजूला जवळजवळ स्थिर. नजर गिटारवर, गळ्यात क्रूस. ऑझीच्या वडिलांनी, त्या अवजारं घडवणाऱ्या कामगारानं, बँडमधल्या पोरांसाठी असे क्रूस आपल्या हातानं बनवले होते.

दौऱ्यांच्या आयुष्यात हॉटेलं, विमानतळ, दारू, कोकेन हे सगळं होतं. आयोमीनं आत्मचरित्रात ते लपवलेलं नाही. गायक बदलले, ड्रमर बदलले, भांडणं झाली. 1968 पासून अखेरपर्यंत बँडमध्ये टिकून राहिला तो एकटाच. 2012 च्या सुरुवातीला त्याला लिम्फोमा या कर्करोगाचं निदान झालं. त्यानं हाती घेतलेला अल्बम पुरा केला, आणि दौरा उपचारांच्या तारखा सांभाळून आखला : काही आठवडे वाजवायचं, घरी येऊन औषध टोचून घ्यायचं, पुन्हा निघायचं. ‘धरलेलं काम पुरं कर’ हा आईचा शब्द त्यानं ज्या किमतीला ऐकला, ती किंमत मोजूनही तो पाळत राहिला.

5 जुलै 2025 ला मूळच्या चौघांनी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचं एकत्र वाजवलं. ज्या ॲस्टन भागात ते वाढले, तिथलंच हे मैदान. ऑझी पार्किन्सनमुळे सिंहासनावर बसून गायला आणि त्याच महिन्यात गेला. आयोमी 77 वर्षांचा होता, आणि उभं राहून वाजवत होता.

तुमच्या घरातही एखाद्या बंद खोलीतून असा घणाघाती गिटार ऐकू येत असेल. दारावर थाप मारून आवाज कमी करायला सांगण्याआधी एकदा आत जाऊन बसा. पोराच्या बोटांकडे नीट बघा, टोकांना घट्टे पडलेले दिसतील. तो रियाझच आहे, आणि त्याला रियाझाचाच मान द्या.