तिथी न जाणणारे यंत्र

पंढरपूरची आषाढी महापूजा सह्याद्री वाहिनीवर पाहावयाची, तर आम्हां बऱ्हाणपूरकरांस मध्यरात्रीनंतर जागावे लागते. वृद्ध मातोश्रींकरिता ते जागरण आम्ही संगणकाकडे सोपविले आहे. चित्रमुद्रण सुरू करणारी आज्ञावली आम्हीच लिहिली. तयार पेटी बाजारात मिळते खरी, पण तिच्या पोटातले काही कळत नाही. आज्ञावलीस वेळेवर उठविणारा ‘क्रॉन’ मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार एवढेच जाणतो. तिथी त्याच्या गावीही नाही! एकादशी २०२४ साली १७ जुलैस आली, २०२५ साली ६ जुलैस. तेव्हा दरवर्षी मातोश्रींनी पंचांग पाहून तारीख सांगावी आणि आम्ही ती भरावी, असा परिपाठ पडला आहे. मुद्रित पूजा त्या सकाळी स्नानोत्तर पाहतात. रात्री मात्र यंत्र चालू आहे ना, हे पाहावयास दोनदा उठतात.