जागल आणि एक स्पॅनिश क्रियापद

मंडळी, पंचावन्नाव्या वर्षी कुणी नवी भाषा शिकायला बसतो का? मी बसलो. धाकटी लेक शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी स्पेनमध्ये कोर्दोबाला गेली, आणि तिचे स्पॅनिशचे जुने पुस्तक घरीच राहिले.

एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, इथं ऑलिव्हची तोडणी आली की बागांत चोऱ्या होतात. मग रात्री ग्वार्दिया सिविलची गस्त असते." हे पोलीस दल १८४४ सालचे, खेडी आणि रस्ते सांभाळणे हे त्याचे जुने काम. तेव्हा तिने शब्द सांगितला : बिखिलार. राखण करणे, नजर ठेवणे.

पुस्तकात पाहिले, तर क्रियापद अगदी सरळमार्गी. शेवटचा 'आर' काढायचा आणि शेपट्या जोडायच्या. बिखिलो म्हणजे मी राखण करतो. बिखिलास, तू. बिखिला, तो किंवा ती. बिखिलामोस, आम्ही. बिखिलाइस, तुम्ही. बिखिलान, ते. एवढे पाठ केले की गस्त घालण्याचे 'पात्रुयार'ही तसेच चालते. आपल्या 'करतोस'मध्ये 'तू' जसा न सांगता कळतो, तसेच तिकडेही. फरक एकच. आपल्याकडे बाप 'करतो' म्हणतो आणि आई 'करते'. तिकडे दोघांचेही 'बिखिलो'च.

हा शब्द ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचा अर्थ जागे राहणे. इंग्रजीतले 'व्हिजिलन्स'ही त्याच कुळातले. (आम्हा सरकारी नोकरांच्या पोटात त्या शब्दाने गोळा येतो, ते असो.) पण मला आठवली ती आपली जागल. जागतो तो जागल्या! दोन मुलखांनी राखणदाराला एकाच खुणेने ओळखले.

तुमच्यापैकी कितीजण माळ्यावर जागलीला बसले असतील! मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडील तापाने फणफणले होते, म्हणून ज्वारीच्या राखणीला मला धाडले. मध्यरात्रीपर्यंत पत्र्याचा डबा वाजवला, मग घोंगडीच्या उबेत डोळा लागला. सकाळी पाहतो तो ओढ्याकडचा सगळा कोपरा रानडुकरांनी लोळवलेला. वडील आले, आडवी ताटे पाहिली, एक चकार शब्द बोलले नाहीत. त्या रात्री अंगात ताप असतानाच ते स्वतः माळ्यावर गेले. मला मार बसला असता तर बरे झाले असते.

लेक गेल्यापासून माझी झोप उडाली आहे. तिचा रात्रीचा फोन येतो तेव्हा आपल्याकडे दीड-दोन वाजलेले असतात. परवा तिने विचारले, "बाबा, अजून जागे?" मी ऐटीत म्हणालो, "बिखिलो!"

ती हसली. म्हणाली, "बाबा, ते चोरांवर नजर ठेवायला. आजाऱ्याच्या उशाशी किंवा कुणाच्या काळजीपोटी जागतात, त्याला बेलार म्हणतात. तेही त्याच लॅटिन शब्दातून आलंय."

"आणि चालतं कसं?"

"तसंच, सरळ."

फोन ठेवला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या घोकू लागलो : बेलो, बेलास, बेला. शेजारून सौभाग्यवतींचा आवाज आला, "पोचली ना खोलीवर?" त्याही जाग्याच होत्या.