शेपूट आणि नळी

कुत्र्यांच्या तेवीस जातींची ती यादी पुन्हा वाचली. पिटबुल, रॉटवायलर, टोसा इनू, कांगाल... यांना पाळायची परवानगी देऊ नका, असं केंद्राने मार्च २०२४ मध्ये राज्यांना कळवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. आपल्याकडे निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या या आमच्या कुरुंद्यात निदान म्हणीची तरी उलटतपासणी व्हावी. नळी कसली होती? शेपूट घालेपर्यंत कुत्रं गप्प बसलं? घालणाऱ्याला चावलं नाही? शिवाय हे कुत्रं गावठीच असणार. आपल्या मराठवाड्यातल्या पश्मी कुत्र्याचं शेपूट लांब, खाली लोंबणारं; त्याला नळी कशाला? आमच्या शेतातल्या आखाड्यावरचं गावठी वाळत घातलेल्या हळदीत लोळून पोट पिवळं करून घेतं आणि सावलीला पसरतं. गाढ झोप लागली की शेपटाचा आकडा आपोआप सुटतो. फटाका वाजला तरी सुटतो आणि शेपूट थेट पायांत जातं. म्हणजे ते सरळ होतं. झोपेत, नाहीतर भीतीने.

पण ते मुळात वाकडं का? सायबेरियात नोवोसिबिर्स्कला आनुवंशशास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी १९५९ पासून माणसाला कमी बुजणारे कोल्हेच तेवढे पैदाशीला ठेवले. काही पिढ्यांत पिल्लं शेपूट हलवत जवळ येऊ लागली आणि त्यातल्या काहींची शेपटं चक्क वर वळली. म्हणजे वाकडं शेपूट ही माणसाळल्याची खूण? या शोधाचा आनंद फार टिकला नाही. तिथेच पुढे अंगावर येणारे कोल्हेही निवडून वाढवले, आणि त्यांची पिल्लं तशीच निपजली. मग स्वभाव रक्तात उतरतो म्हणायचं? तर २०२२ चा, अठरा हजारांवर कुत्र्यांचा अमेरिकी अभ्यास सांगतो, वागण्यातल्या फरकात जातीचा वाटा सुमारे ९ टक्के. थोडाच. पण जबडा केवढा, हे त्या टक्क्यांत कुठे येतं?

शेजारच्या आखाड्यावर रॉटवायलरचं पिल्लू आलंय. पायांत घोटाळतं, बोटं चाटतं. सालगडी त्याला दिवसभर साखळीला बांधतो. "मोकळं सोडलं की नरम पडतंय, मालक." उद्या ते कुणाला चावलं तर दोष जातीचा की साखळीचा? आज तरी मी साखळीचा म्हणेन. नातवाला मात्र त्याच्याजवळ एकटं सोडणार नाही. आमच्या गावठीजवळ खुशाल सोडतो. ते कोणत्या हिशेबाने, तेही आता सांगता येईना.