उस्मानियाच्या आवारातली चिंच

शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना होता. लेकीने विचारलं, "काय लिहू?" तिचे बाबा म्हणाले, "नांदेड." सासूबाई म्हणाल्या, "नांदेड सोडून आपल्याला साठ वर्षं झाली. हैदराबाद लिही." लेक वैतागली. "वर्गात सगळे म्हणतात, तू महाराष्ट्राची. पुण्याची मावसभावंडं म्हणतात, तू हैदराबादची. मी नक्की कुठली?" रकाना रिकामाच राहिला. खरं सांगायचं तर तिच्या वयाची असताना मलाही याचं उत्तर देता येत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर चल. तुला एक चिंच दाखवते."

मार्च सुरू झाला होता. कुकटपल्लीहून मेट्रोने आम्ही तिघी उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनवर उतरलो. इथून जामबागेतली विवेकवर्धिनी जवळच. १९०७ साली सुरू झालेली ही मराठी माणसांची शाळा. सासऱ्यांचं शिक्षण तिथलंच. पुढे रिक्षाने अफझलगंज. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात, मुसी नदीच्या बाजूला हे झाड उभं आहे. वय चारशे वर्षांचं सांगतात. खोड इतकं रुंद की आम्ही तिघींनी हात पसरले तरी कवेत मावलं नसतं.

"चिंचेवर भूत असतं ना गं आजी?" लेकीने हळूच विचारलं.

"असेल. पण या झाडाने दीडशे माणसांची भुतं होऊ दिली नाहीत."

मग आजीने गोष्ट सांगितली. २८ सप्टेंबर १९०८. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. मुसीच्या पाणलोटातले दोनशेहून अधिक तलाव एकामागोमाग फुटले आणि ते सगळं पाणी शहरावर आलं. त्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसं गेली. आज दिसते ती घुमटांची इमारत नंतरची; तेव्हा इथे अफझलगंजचा जुना दवाखाना होता. पाणी चढलं तशी जवळपासची माणसं या चिंचेवर चढली. सुमारे दीडशे जण पाणी ओसरेपर्यंत फांद्यांना धरून राहिले आणि वाचले. त्याच पुरात उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. ते एकटे उरले.

पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच हे अभियंते. त्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली उभा राहिला. आपण पिकनिकला जातो ते गंडीपेट म्हणजेच उस्मानसागर. तरी नदी आपली जागा विसरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मुसीचं पाणी इथून जवळच्याच महात्मा गांधी बसस्थानकात शिरलं, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं.

लेकीने खाली पडलेली एक चिंच उचलली, टरफल फोडलं आणि डोळे मिचकावत चोखली. हातात दोन चिंचोके उरले. "हे खातात?"

"भाजून, साल काढून," आजी म्हणाली. "दात मात्र मजबूत हवेत. आमच्याकडे घोंगडीला खळ द्यायची तीही चिंचोक्याचीच. आणि पटावर फाशांऐवजी फोडलेले चिंचोके टाकायचो."

मी तिला आणखी एक गंमत सांगितली. चिंच तूर-हरभऱ्याच्या, म्हणजे शेंगांच्या कुळातली. तिचं मूळ घर आहे उष्ण प्रदेशातली आफ्रिका. तिथून ती फार पूर्वी भारतात आली आणि इतकी रुळली की अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे 'हिंदी खजूर' म्हटलं. इंग्रजी टॅमरिंड त्यावरूनच आलं आणि शास्त्रीय नावही टॅमरिंडस इंडिका. मराठीत चिंच, तेलुगूत चिंत. आपली आमटी, इथली खट्टी दाल, बघारे बैंगन, कोवळ्या पानांची चिंतचिगुरू पप्पू. या शहरातलं कुठलं स्वयंपाकघर तिच्यावाचून चालतं?

"म्हणजे ती आफ्रिकन आहे?" लेकीला हे फारच आवडलं.

"मासाब टँकजवळचं ए. सी. गार्ड्स माहीत आहे ना? ए. सी. म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी. निजामाच्या फौजेतल्या आफ्रिकी घोडेस्वारांची ती वस्ती. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. तेही हैदराबादीच."

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. सासरे शेवटच्या आजारात तीन आठवडे याच दवाखान्यात होते. दुपारचा डबा देऊन झाला की त्या या सावलीत बसायच्या. शेजारी कुणी वारंगळची, कुणी गुलबर्ग्याची बाई बसलेली असायची. भाषा वेगळ्या, पण डबे एकमेकींपुढे सरकायचे. सासरे गेल्यावर भाऊ नांदेडला न्यायला आले. "मी नाही गेले," त्या म्हणाल्या. "माझ्या वाईट दिवसांत मला धरून ठेवणारी माणसं इथली होती. मग गाव कुठलं म्हणायचं?"

निघताना दारावरच्या वयस्क रखवालदाराने विचारलं, "कहाँ से आए अम्मा?" सासूबाईंच्या आधी लेकीनेच उत्तर दिलं, "यहींच के हैं." तो हसला. त्या 'यहींच'मधला 'च' मूळचा आपला, मराठीतून दख्खनीत गेलेला, हे मी तिला मेट्रोत सांगितलं. घरी आल्यावर तिने फॉर्म काढला आणि रकान्यात लिहिलं: हैदराबाद. वडिलांनी भुवया उंचावल्या, तेव्हा म्हणाली, "नांदेडपण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं बाबा!"

दरवर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक पुराची आठवण म्हणून या झाडाखाली जमतात. यंदा आपल्या मुलांना घेऊन तुम्हीही या. दवाखाना आहे, त्यामुळे आवाज कमी ठेवा. आणि शक्य असेल तर दोन डबे जास्त आणा. सावलीत कुणी ना कुणी पेशंटचं माणूस बसलेलं असतंच.